शिडाच्या होड्यांच्या शर्यती : मुलांची तयारी आणि पालकांची तयारी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'मुलांचे खेळ आणि पालक' असा विषय मला देण्यात आला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातला एकच खेळ मी निवडला आहे : लहान मुलांच्या शिडाच्या होड्यांच्या, म्हणजे डिंगीच्या, शर्यती. निवडण्याचे कारण असे की, आपण खाडीकाठची माणसे असूनही आपल्या मुलांना हा खेळ परका आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा बोटीवर होते. कोणी खलाशी, कोणी सारंग, कोणी स्वतःच्या गलबताचा नाखवा. समुद्राने आपल्याला भाकरी दिली, आणि घरच्या बायकांना काळजीच्या रात्रीही दिल्या. त्यामुळेच आज आपण मुलांना सांगतो, 'शीक, नोकरी धर, पाण्याच्या वाटेला जाऊ नकोस.' ह्या सांगण्यामागची माया मी जाणतो. परंतु ज्या मुलाचे घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याला पाणी समजलेच पाहिजे. न समजलेले पाणी अधिक धोक्याचे असते.

प्रथम ही होडी कशी असते ते सांगतो. जगभर मुले ज्या होडीवर शिकतात तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. १९४७ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात क्लिअरवॉटर ह्या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती तयार केली. सामान्य घरातल्या मुलांना परवडावी, प्लायवूडच्या आठ फुटी तक्त्यांतून बनवता यावी, एवढीच अपेक्षा होती. म्हणूनच तिची लांबी पावणेआठ फुटांच्या आसपास आहे. आज ती फायबरची असते. नुसत्या होडीचे वजन ३५ किलो आणि शीड सुमारे ३५ चौरस फुटांचे. नाक बोथट, दिसायला एखाद्या हौदासारखी. तिच्यात एकच मूल बसते. सुकाणूही त्याच्याच हाती आणि शिडाची दोरीही त्याच्याच हाती. ज्या वर्षी मूल पंधरा वर्षांचे होते, त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्याला ह्या होडीच्या शर्यतीत भाग घेता येतो. त्यानंतर मुले बहुधा 'इल्का ४' ह्या मोठ्या होडीकडे वळतात. तिचे शीड ४.७ चौरस मीटरचे असते. पुढे त्याच होडीला मोठे शीड लावून 'इल्का ६' आणि 'इल्का ७' होते, आणि ह्या दोन प्रकारांत ऑलिंपिकच्या शर्यती होतात. म्हणजे ह्या हौदासारख्या होडीपासून ऑलिंपिकपर्यंत सरळ पायऱ्या आहेत.

त्या पायऱ्या आपल्या देशातील मुले चढली आहेत. नेत्रा कुमनन ही चेन्नईची मुलगी २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली. शिडाच्या होड्यांत ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती आणि भारतीय सेनादलातील विष्णु सरवणन हे दोघे होते. २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर हिने मुलींच्या 'इल्का ४' मध्ये रौप्यपदक मिळवले. विष्णु सरवणन ह्यांना 'इल्का ७' मध्ये आणि मध्य प्रदेशच्या इबाद अली ह्यास शिडाच्या फळीवरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळाले. नेहा ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावावर. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणारी मुलगी तलावावर शिकून आशियात दुसरी येते, आणि ज्यांच्या दारात भरती येते त्या आपल्या मुलांना शीड बांधता येत नाही. ह्या गोष्टीचा आपण विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या तयारीकडे वळतो.

पहिली गोष्ट पोहणे. तलावात चड्डीवर पोहता येते म्हणजे झाले, असे समजू नका. अंगात पूर्ण कपडे आणि वर लाइफ जॅकेट असताना निदान पन्नास मीटर पोहता आले पाहिजे. जॅकेट आपल्या मापाचे हवे. मोठ्या भावाचे चालणार नाही. ते घालून सगळे पट्टे बांधावेत आणि कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत वर आले, तर पाण्यातही ते तसेच वर येईल आणि तुम्ही खाली राहाल. जॅकेटला एक शिटी बांधलेली असावी.

दुसरी गोष्ट होडी उलटणे. ही होडी उलटणारच. चांगले शिक्षक पहिल्या काही दिवसांतच ती मुद्दाम उलटवायला लावतात, म्हणजे भीती मोडते. उलटल्यावर एकच नियम पाठ करा : होडी सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचे नाही. होडीत हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे ती बुडत नाही. शिवाय शोधणाऱ्याला पाण्यावरचे डोके दिसत नाही, होडी दिसते. तळाच्या फटीतून खाली गेलेली जी फळी असते, तिच्यावर भार देऊन होडी सरळ करायची, आत चढायचे आणि बांधलेल्या डब्याने पाणी उपसायचे. हे सर्व एकट्याने करता आले की मुलाचा चेहरा बदलतो. त्या हवेच्या पिशव्या पक्क्या आहेत की नाहीत हे मात्र दरवेळी पाण्यात उतरण्यापूर्वी स्वतः हात लावून पाहावे.

तिसरी गोष्ट वारा आणि पाणी. भूगोलाच्या तासाला तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ करता आणि परीक्षेनंतर विसरता. इथे ते विसरून चालत नाही. सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा असतो. ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर शर्यतीचा खरा वारा बहुधा दुपारी मिळतो. मुलांना काठावर तासन् तास थांबावे लागते. त्या वेळात उन्हात हुंदडून थकू नका, पाणी पीत राहा. मतलई वारा होडीला काठापासून दूर नेतो आणि ओहोटीही दूर नेते. दोन्ही एकत्र असतील तेव्हा नवशिक्याने सोबत रक्षक बोट असल्याशिवाय मुळीच बाहेर पडू नये. भरती-ओहोटीचे गणित आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चांदाची तारीख सांगितली की पाणी केव्हा भरेल हे सांगणारे म्हातारे अजून आपल्या मोहल्ल्यात आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पावसाळ्यात तर आपला समुद्र लहान होड्यांचा नव्हेच. त्या दिवसांत शर्यती हैदराबादच्या हुसेनसागरासारख्या आतल्या तलावांवर होतात.

चौथी गोष्ट नियम. शर्यत सुरू होण्यास पाच मिनिटे असताना त्या वर्गाच्या होड्यांचे निशाण चढते. चार मिनिटे असताना तयारीचे निशाण चढते आणि एक मिनिट असताना ते उतरते. शून्यावर वर्गाचे निशाण उतरले की शर्यत सुरू. सोबत भोंगा वाजतो, पण वेळ निशाणावरून धरायची असते. भोंगा वाजलाच नाही तरी तक्रार चालत नाही. म्हणून मनगटाला घड्याळ आणि डोळा निशाणावर. कोणतीही होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. ती नागमोडी जाते, आणि त्यामुळे होड्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. तिथे नियम असा : डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यावी. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल आणि त्या शेजारी शेजारी असतील, तर जी वाऱ्याच्या बाजूला आहे तिने दुसरीला वाट द्यावी. खुणेच्या पिंपाला होडी लागली तर स्वतःभोवती एक फेरी घ्यावी. दुसऱ्या होडीच्या हक्काच्या वाटेत आडवे गेलात तर दोन फेऱ्या घ्याव्यात.

मित्रांनो, ह्या फेऱ्यांविषयी मला मुद्दाम बोलायचे आहे. फुटबॉलमध्ये पंच मैदानावर असतो आणि शिटी वाजवतो. इथे पाण्यावर बहुतेक वेळा जवळ कोणी पंच नसतो. चूक झाली हे ज्याला कळले, त्यानेच आपण होऊन शिक्षा घ्यायची, अशी ह्या खेळाची रीत आहे. होडी पिंपाला हलकेच घासली. कोणी पाहिले नाही. फेरी घेतली तर चार होड्या पुढे जातील. बारा वर्षांचे मूल अशा वेळी एकटे असते. तिथे ते जे करील, तेच पुढे दुकानाच्या तराजूपाशी, परीक्षेच्या वर्गात आणि कचेरीच्या टेबलापाशी करील, असे एक शिक्षक म्हणून मला वाटते.

आता पालकहो, आपल्या तयारीविषयी. मुलांच्या तयारीपेक्षा ती अवघड आहे असे माझे मत आहे.

ह्या खेळाचे नियम स्पष्ट सांगतात की, शर्यत चालू असताना होडीला बाहेरून मदत घेता येत नाही. धक्क्यावरून 'डावीकडे घे, शीड ओढ' असे ओरडणे म्हणजे मदतच. २०१७ पासून नियमांत आई-वडील व पालक ह्यांचा उल्लेखच आलेला आहे. ते स्पर्धकाचे सहायक धरले जातात आणि त्यांच्या गैरवर्तनाचा दंड मुलाच्या होडीवर बसू शकतो. म्हणजे आपण रागावून पंचाशी भांडलो, तर त्याची किंमत आपल्या मुलाला मोजावी लागेल. दुसरा नियम असा की, शर्यतीत उतरावे की नाही आणि चालू ठेवावी की नाही, हा निर्णय त्या होडीचा, म्हणजे तिच्यातल्या मुलाचा आहे. होडी पावणेआठ फुटांची असली तरी तिचा तांडेल तोच. तेव्हा आपल्याला जे काही शिकवायचे, सांगायचे, तपासायचे आहे, ते सगळे काठावरच उरकले पाहिजे. होडीने काठ सोडला की आपले काम गप्प राहण्याचे.

ते काठावरचे काम कोणते? मूल जेवले का, पाण्याची बाटली भरली का, जॅकेटचे पट्टे बांधले का, हे पाहावे. होडी मात्र त्याची त्यालाच जोडू द्यावी. डोलकाठी उभी करणे, शीड बांधणे, गाठी मारणे ही कामे वडिलांनी केली, तर समुद्रात गाठ सुटल्यावर ती मुलाला बांधता येणार नाही. पाण्यात जाताना आणि परत येताना वहीत किंवा फलकावर नोंद करायची पद्धत असते. ती नोंद मुलाने स्वतः केली की नाही, एवढे जरूर विचारावे. एखादे मूल परत येऊन नोंद न करता जेवायला गेले, तर रक्षक बोटी अंधार पडेपर्यंत त्याला समुद्रात शोधत राहतात.

मूल परत आले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो, 'कितवा आलास?' हा प्रश्न थोडा वेळ गिळावा. आधी त्याला कोरडे होऊ द्यावे, काही खाऊ द्यावे. मग विचारावे, 'आज वारा कसा होता?' ह्या प्रश्नाचे उत्तर मूल अर्धा तास देईल आणि त्यात कितवा आलो हेही आपसूक येईल. ह्या खेळातल्या गुणांची पद्धतही लक्षात घ्या. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे गुण असतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. अनेक शर्यती होतात आणि साधारणपणे त्यांतली सर्वांत वाईट एक वगळली जाते. एका मुलाचे क्रमांक १, १, १२, १५, २ असे आले आणि दुसऱ्याचे ४, ३, ५, ४, ४. पंधरावा क्रमांक वगळून पहिल्याचे १६ गुण झाले. पाचवा वगळून दुसऱ्याचे १५ झाले. एकदाही पहिला न आलेला मुलगा पुढे गेला. नेहा ठाकूरचे आशियाई स्पर्धेत अकरा शर्यतींत मिळून ३२ गुण होते आणि तिची सर्वांत वाईट शर्यत म्हणजे पाचवा क्रमांक. तो वगळून २७ गुण उरले आणि तिला रौप्यपदक मिळाले. अभ्यासाचेही असेच असते, हे मी निराळे सांगायला नको.

काही पालक मला विचारतात, 'मुलींचे काय?' मुले आणि मुली ऑप्टिमिस्टच्या शर्यतीत एकत्र उतरतात, आणि त्या होडीत शक्तीपेक्षा अंदाज अधिक चालतो. कपड्यांची काळजी असेल, तर उन्हापासून व थंडीपासून रक्षणासाठी सगळीच मुले पूर्ण बाह्यांचा अंगरखा, पायघोळ विजार आणि टोपी घालतात. डोके झाकायचे असेल तर घट्ट बसणारे वस्त्र वापरावे. सैल ओढणी मात्र नको, ती दोऱ्यांत अडकते. खर्चाची काळजीही खरी आहे. नवी होडी घेणे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि सुरुवातीला तिची गरजही नाही. मुंबई, गोवा, हैदराबाद, चेन्नई अशा ठिकाणी शिकवणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या होड्या असतात. मापाचे जॅकेट एवढ्या एकाच वस्तूत काटकसर करू नये. आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशी शर्यतीच्या तारखा वर्षाच्या आरंभीच ताडून पाहाव्यात, म्हणजे ऐन वेळी घरात रडारड होत नाही.

शेवटी भीतीविषयी. मूल भ्यायले आणि मागे फिरले, तर त्याला भित्रा म्हणू नका. वारा आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून परतणे, हे जुन्या नाखव्यांनी शहाणपणच मानले असते. आणि पुढे जाण्यापेक्षा मोठे असे काही ह्या खेळात आहे, हेही त्याला सांगा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या ह्या शर्यती पुसान येथील समुद्रात झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू हा एका शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होता. दुसऱ्या वर्गाच्या होडीतील सिंगापूरचे दोन खेळाडू खवळलेल्या पाण्यात पडलेले त्याला दिसले. शर्यत सोडून तो त्यांच्याकडे वळला, त्यांना पाण्यातून काढले, रक्षक बोटीच्या हवाली केले आणि मग पुढे निघाला. तोपर्यंत कितीतरी होड्या पुढे गेल्या होत्या. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरे स्थान परत दिले. पदक त्याला मिळाले नाही, परंतु ऑलिंपिकचा पिएर द कुबेर्तँ सन्मान मिळाला. त्या वर्षी पदक कोणाला मिळाले हे आज फारसे कोणास आठवत नाही, लेम्यूचे नाव मात्र अजून सांगितले जाते. संकटातल्या माणसाला शक्य ती मदत केलीच पाहिजे, हा ह्या खेळाच्या नियमपुस्तकातला अगदी पहिला नियम आहे.

पालकहो, आपल्या मुलांनी पदके आणावीत अशी माझी इच्छा आहेच. पण त्याआधी त्यांनी वारा ओळखावा, उलटलेली होडी सरळ करावी, कोणी पाहत नसतानाही आपली फेरी आपण घ्यावी आणि दुसऱ्यासाठी थांबावे. हे शिकण्यासाठी त्यांना काही वेळ आपल्या हाकेपलीकडे जाऊ द्यावे लागेल. ह्या सुटीत निदान पोहण्यापासून आरंभ करा. ज्यांना पुढची माहिती हवी असेल त्यांनी शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत मला अवश्य भेटावे.